हक्काचे मागताना संकोच कसला?

३० ऑगस्ट २०२५, शनिवार. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव. आरती झाली, महाप्रसाद आटोपला आणि नेहमीप्रमाणे पातेली घासायला शेवटी चार-पाच जणच उरले. हॉलची किल्ली दहाच्या आत परत करायची होती. माझ्या शेजारी एक तरुण भराभर हात चालवत होता. सांगलीकडचा. शेजारच्या गावातील एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये आचारी. त्याची बायको ताटे पुसत होती आणि दोन्ही मुले खुर्च्या जोडून, वर जाकिटे पांघरून झोपली होती.

बोलता बोलता मी सहज विचारले, "मुलांचे किंडरगेल्ड सुरू झाले ना?"

तो म्हणाला, "नाही दादा. त्या भानगडीत पडलोच नाही. आपण कमी पगाराची माणसं. सरकारकडून काही घेतलं की पुढे व्हिसा अडकतो म्हणतात."

"वहिनी आणि मुले कधी आली?"

"गेल्या वर्षी जूनमध्ये."

मी हातातले पातेले खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी महिन्याची एकतीस तारीख होती.

रविवारी दुपारी लॅपटॉप आणि छापलेले अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले होते. नवराबायकोचे आणि मुलांचे कर-क्रमांक एका प्लास्टिकच्या पिशवीत व्यवस्थित जपून ठेवलेले होते. तासाभरात अर्ज भरला, दोघांच्या सह्या झाल्या. संध्याकाळी फामिलियनकासेच्या इमारतीपाशी जाऊन पाकीट तिथल्या पत्रपेटीत टाकले आणि टाकताना फोटो काढून ठेवला. काही कागद अजून जोडायचे राहिले होते. ते नंतर पाठवले.

काही आठवड्यांनी निर्णयाचे पत्र आले. फेब्रुवारी २०२५ पासूनचे पैसे मंजूर झाले होते. किंडरगेल्ड मागचे मिळते, पण अर्ज पोहोचला त्या महिन्याच्या आधीचे फक्त सहा महिने. अर्ज ऑगस्टचा धरला गेला म्हणून फेब्रुवारी हाती लागला. सोमवारी, म्हणजे १ सप्टेंबरला दिला असता तर मार्चपासून मिळाले असते. एका दिवसाने दोन मुलांचे ५१० युरो वाचले.

आता बुडालेल्या पैशांचा हिशोब पाहा. जून ते डिसेंबर २०२४ असे सात महिने. त्या वर्षी दर महिन्याला एका मुलाचे २५० युरो होते, म्हणजे दोघांचे ३,५०० युरो. जानेवारी २०२५ पासून दर २५५ झाला, त्या महिन्याचे ५१०. एकूण ४,०१० युरो. हे पैसे त्यांच्या हक्काचे होते आणि आता ते त्यांना कोणीही देणार नाही. एका आचाऱ्याच्या घरात चार हजार युरो म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

हा लेख मी त्या चार हजारांसाठी लिहीत आहे. मी संगणक अभियंता आहे, कर सल्लागार किंवा वकील नाही. पण नियमांची तर्कसंगती तपासणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि या नियमांमागचे एक सूत्र आपल्या मंडळींनी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

मागितले नाही तर मिळत नाही

जर्मनीत सरकार तुम्हाला शोधत येत नाही. अनमेल्डुंग झाली, पगारातून कर आणि विमा कापला गेला, म्हणजे सरकारला आपले सगळे ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. तसे नाही. प्रत्येक हक्कासाठी वेगळे कार्यालय आहे, वेगळा अर्ज आहे आणि मागे किती जाता येईल याची मुदतही वेगळी आहे. अमेरिकेत कमी पगाराच्या कामगारांसाठी १९७५ पासून 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' आहे आणि राहून गेलेले विवरणपत्र भरून तीन वर्षांपर्यंत मागचे मागता येते. इथे तसे एकच खाते नाही. म्हणून ही यादी कापून फ्रिजवर लावावी, अशी विनंती आहे.

१. किंडरगेल्ड. २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो, २०२६ मध्ये २५९. मागचे फक्त सहा महिने.

२. किंडरत्सुशलाग. नोकरी आहे, पण पगार कुटुंबाला पुरत नाही अशांसाठी २००५ पासून ही योजना आहे. २०२५ पासून दर मुलामागे जास्तीत जास्त २९७ युरो. आईवडील दोघे असतील तर त्यांचे मिळून किमान ९०० युरो आणि एकट्या पालकाचे किमान ६०० युरो ढोबळ उत्पन्न हवे. ही रक्कम मागची मिळत नाही. ज्या महिन्यात अर्ज, त्या महिन्यापासून.

३. वोनगेल्ड, म्हणजे घरभाड्याला हातभार. हेही साधारणपणे अर्जाच्या महिन्यापासूनच. याबद्दल एक सावधगिरी पुढे सांगतो.

४. एल्टर्नगेल्ड. बाळाच्या आयुष्याचे महिने मोजतात आणि अर्जाच्या आधीचे तीनच महिने मिळतात. आई बाळंतपणाआधी नोकरी करत नसली, तरी किमान ३०० युरो महिना मिळतो. 'मी कुठे कामाला होते?' असे म्हणून गप्प बसलेल्या भगिनी मला माहीत आहेत.

५. मुलांच्या शाळेचा खर्च. किंडरत्सुशलाग किंवा वोनगेल्ड मिळणाऱ्या घरातील मुलांना वह्या-दप्तरासाठी वर्षाला १९५ युरो, शाळेतले जेवण, सहलीचा खर्च आणि खेळ किंवा संगीतासाठी महिना १५ युरो. इथे बारा महिने मागे जाता येते. शिवाय अशा घरांना २०१९ पासून किटाचे शुल्क लागत नाही.

६. आयकर विवरण. ज्यांना ते भरणे सक्तीचे नाही, त्यांना चार वर्षे मुदत असते. २०२२ सालचे विवरण ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, २०२३ चे ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत.

ही यादी नीट पाहिली की लक्षात येते, की जिथे गरज जास्त तिथे मुदत कमी. त्यावर माझे मत शेवटी सांगतो.

एक युक्ती मात्र आधी सांगतो. युक्ती कसली, साधा नियमच आहे. तारीख धरली जाते ती अर्ज पोहोचल्याची, कागद पूर्ण झाल्याची नव्हे. जन्माचा दाखला भारतातून यायचा आहे, मालकाने प्रमाणपत्र दिलेले नाही, म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. सही केलेला अर्ज आधी द्या, 'कागद मागाहून पाठवतो' असे लिहा आणि दिल्याचा पुरावा जपून ठेवा.

माझेच शहाणपण

मी हे सगळे पहिल्यापासून जाणत होतो, असा कोणाचा समज होऊ नये. मी २०१४ मध्ये मास्टर्स करायला आलो. शिकताना एका कंपनीत तासांवर काम केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पहिली पूर्ण नोकरी लागली. पगारातून दर महिन्याला कर कापला जाई आणि मी निमूटपणे पगारपत्रक फाइलला लावत असे. मला वाटे, कापला तो गेला.

वस्तुस्थिती अशी, की पगारातून कर कापताना तुम्ही तोच पगार बाराही महिने मिळवणार असे धरले जाते. वर्षात चारच महिने पगार झाला, तर वर्षाचे उत्पन्न थोडे आणि कापलेला कर जास्त. उदाहरणार्थ, एखादीला सप्टेंबर २०२४ मध्ये ३,५०० युरोंची नोकरी लागली आणि त्याआधी त्या वर्षी काही उत्पन्न नव्हते. चार महिन्यांचे १४,००० युरो. त्यातून नोकरदाराची १,२३० युरोंची ठरावीक वजावट आणि विम्याचे हप्ते गेले, की उरलेली रक्कम त्या वर्षीच्या ११,७८४ युरोंच्या करमुक्त मर्यादेखाली येते. म्हणजे दरमहा कापलेले चारशेच्या आसपास युरो, सगळेच्या सगळे परत. पण विवरण भरले तर! (त्याच वर्षी भारतात पगार मिळाला असेल तर तो दाखवावा लागतो आणि हिशोब थोडा बदलतो.)

माझ्या २०१७ च्या विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. मला हे कळले २०२२ च्या वसंतात, ऑफिसात कॉफी पिताना. हजाराहून जास्त युरो गेले. शिवाय भारतात पदवी घेऊन इथे केलेले मास्टर्स हे दुसरे शिक्षण धरले जाते. त्याचा खर्च तोटा म्हणून नोंदवून पुढच्या पगाराच्या करातून वजा करता येतो, तेही हातचे गेले. अभियांत्रिकीची पदवी होती, जर्मन बऱ्यापैकी येत होते, तरी ही गत. मग दिवसाचे दहा तास भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

मदतीची मुदत कशी निघून जाते आणि कशी उरते, याचे एक उदाहरण २०२२ सालचे आहे. ऊर्जेच्या महागाईबद्दल त्या वर्षी प्रत्येक कमावत्या व्यक्तीला एकदाच ३०० युरो मिळाले, ते बहुतेकांच्या पगारात आले. पण मिनीजॉब करणारे, नोकरी बदललेले किंवा मधल्या काळात बेकार असलेले अनेक जण राहून गेले. २०२२ मध्ये इथे राहत असताना थोडी जरी कमाई केली असेल, तर त्या वर्षीचे विवरण भरून ते अजून मिळू शकतात, आणि शेवटची तारीख तीच, ३१ डिसेंबर २०२६. विद्यार्थ्यांसाठी वेगळे २०० युरो होते. त्यांची खिडकी मात्र २०२३ मध्येच बंद झाली.

आणखी एक छोटी गोष्ट. ज्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली आहे आणि काम घरापासून वीस किलोमीटरपेक्षा लांब आहे, त्यांना २०२१ पासून 'मोबिलिटेट्सप्रेमिए' मागता येते. रक्कम मोठी नसते, पण भाडे स्वस्त म्हणून खेड्यात राहून शहरातल्या गोदामात कामाला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे पाहावे.

व्हिसाची भीती

आता आमच्या आचारी मित्राच्या मूळ भीतीकडे येतो. ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. आपला निवास परवाना 'स्वतःचा खर्च स्वतः भागवणे' या अटीवर असतो. पण सार्वजनिक पैशांत काय धरायचे नाही, हे परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यातच, कलम २ मध्ये, लिहून ठेवले आहे. किंडरगेल्ड, किंडरत्सुशलाग आणि एल्टर्नगेल्ड ही तिन्ही नावे त्या यादीत आहेत. स्वतःच्या हप्त्यांतून मिळणारा बेकारी भत्ताही त्यात मोडतो. म्हणजे या गोष्टी घेतल्या म्हणून 'हा सरकारवर अवलंबून आहे' असे कोणी म्हणू शकत नाही.

जॉबसेंटरकडून मिळणारी निर्वाहाची मदत या यादीत नाही. वोनगेल्डचे नावही तिथे नाही. म्हणून परवान्याचे नूतनीकरण किंवा कायम निवासाचा अर्ज जवळ आला असेल, तर वोनगेल्ड मागण्यापूर्वी सल्ला घ्यावा. कारितास, डियाकोनी, आवो, रेडक्रॉस यांच्यामार्फत प्रौढ स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला केंद्रे चालतात. मित्राच्या मित्राने काय सांगितले, यावर मुलांच्या तोंडचा घास सोडू नये.

विद्यार्थी परवान्यावर असलेल्यांनाही एक सांगणे. सोबत मूल असेल आणि तुम्ही शिकता शिकता नोकरीही करत असाल, तर मार्च २०२० पासूनच्या नियमाने किंडरगेल्डचा हक्क असू शकतो. 'विद्यार्थ्यांना मिळत नाही' हे अर्धेच खरे आहे. मूल मात्र इथे राहत असले पाहिजे, पुण्याला आजीआजोबांकडे वाढत असेल तर नाही.

भीक की हक्क?

मंडळाच्या एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपण इथे कमवायला आलो, मागायला नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे." त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या पिढीने मान खाली न घालता संसार उभे केले. पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही, आणि का ते सांगतो.

किंडरगेल्ड हे दान नाही. १९९० मध्ये कार्ल्सरूहेच्या संविधान न्यायालयाने निकाल दिला, की मुलाच्या किमान निर्वाहाला लागणाऱ्या उत्पन्नावर सरकारला कर घेता येणार नाही. १९९६ पासून किंडरगेल्ड आयकर कायद्यातच आले. थोडक्यात, मुलाच्या घासावर घेतलेला कर ते परत करतात, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यात भर घालतात. जास्त पगार असलेल्यांना तोच लाभ कधी कधी कर सवलतीच्या रूपाने मिळतो.

आता आपण स्वतःकडे पाहू. ब्लू कार्डवर आलेल्या आमच्यासारख्यांपैकी किंडरगेल्ड नाकारलेला एकही माणूस मला माहीत नाही. बायको नोकरी करत नसेल तर आपण लगेच तिसरा करवर्ग घेतो. एल्टर्नगेल्ड घेऊन दोन महिने भारतात जाऊन येतो. याला कोणी भीक म्हणत नाही. कंपनीने नेमलेली बाई आपले अर्ज भरून देते, म्हणून आपल्याला ते 'प्रोसेस' वाटते. आचाऱ्याला, गोदामातल्या पोराला, वृद्धाश्रमात शिकाऊ परिचारिका म्हणून आलेल्या मुलीला अशी बाई नसते. त्यांना अर्ज स्वतः भरावा लागतो, म्हणून ते मागणे वाटते. हक्क तोच आहे, फरक फक्त कोणाचे कागद कोण भरते याचा.

आणि मागण्यात कमीपणा आहे, हे आपल्या मातीलाही धरून नाही. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना आली. त्यात मजुराने काम मागायचे, पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर भत्ता द्यायचा. सगळा कायदा 'मागणाऱ्या' माणसावर उभा होता. अगदी अलीकडे, २०२४ च्या उन्हाळ्यात, लाडकी बहीण योजनेसाठी आपल्या आत्या-मावश्या रांगेत उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्टपर्यंत अर्ज करणाऱ्यांना जुलैपासूनचे पैसे मिळणार, हे गावोगावी तोंडपाठ झाले होते. गावाकडे तारीख सर्वांना ठाऊक, आणि इथे शिकलेल्या मंडळींच्या घोळक्यात वर्षभर वावरणाऱ्या माणसाला ती कोणी सांगितली नाही. ही शरम त्याची नाही, आपली आहे.

सरकारचेही चुकते

सरकारबद्दलही स्पष्ट बोलतो. पूर्वी किंडरगेल्ड चार वर्षांपर्यंत मागचे मिळत असे. गैरवापर थांबवायचा म्हणून २०१८ पासून ते सहा महिन्यांवर आणले. गैरवापर करणाऱ्याला तारखा पाठ असतात. त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते नव्याने आलेल्या, भाषा न येणाऱ्या, घाबरलेल्या कुटुंबाचे. कर परत मागायला चार वर्षे आणि मुलाच्या दुधाला सहा महिने, हा न्याय मला कळत नाही. अनमेल्डुंगच्या वेळी मुलाचे नाव नोंदले जाते आणि त्याला कर-क्रमांक पोस्टाने घरी येतो. त्याच पाकिटात किंडरगेल्डचा कोरा अर्ज घालायला काय हरकत आहे?

पण नियम बदलेपर्यंत नियमाप्रमाणे चालणे आले. त्यात आपली जबाबदारीही आली. नोकरी बदलली, मूल भारतात राहायला गेले, आपण देश सोडला, तर फामिलियनकासेला लगेच कळवावे. नाहीतर पैसे परत करावे लागतात आणि दंडही होऊ शकतो. अर्ज नाकारला तर पत्र फेकू नका, एक महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते.

मंडळाने काय करावे?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कार्यक्रमात, चपला-जाकिटे ठेवतो त्या जागेजवळ एक टेबल मांडावे. त्यावर वरील यादी, कोरे अर्ज आणि दोन जाणते सभासद. किंडरत्सुशलाग मिळेल की नाही हे आधी तपासण्यासाठी फामिलियनकासेच्या संकेतस्थळावर 'कित्स-लोत्से' आहे. तो मोबाइलवर दहा मिनिटांत भरून होतो. आयकराचे विवरण मात्र आपण नात्याबाहेरच्या कोणाचे भरून देऊ नये, कायद्याने ते काम परवाना असलेल्यांचे आहे. त्यासाठी जवळच्या लोनश्टॉयरहिल्फेफेराइनचा पत्ता द्यावा. तिथे वर्गणी उत्पन्नाप्रमाणे असते. किंवा ज्याने त्याने स्वतः एल्स्टरवर भरावे.

आणि नवीन कुटुंब आले की 'कुठल्या कंपनीत?' हा प्रश्न आधी विचारू नये. त्या एका प्रश्नाने आचारी आणि शिकाऊ परिचारिका गप्प होतात आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसतात. त्याऐवजी 'मुले कधी आली, अर्ज केला का?' असे विचारावे.

आमच्या मित्राचा किंडरत्सुशलागचा अर्जही आता गेला आहे. निकाल यायचा आहे. परवा वहिनी म्हणाल्या, "दादा, धाकटीला पोहायला घालायचं म्हणतेय." मी म्हटले, अवश्य घाला.

वाचकहो, तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना आजच फोन करा. महिना संपायला किती दिवस उरले आहेत, तेही फोन करण्यापूर्वी बघून घ्या.